धाकट्या ब्रदरांचे कान

माझी मावशी दिवसातून चार वेळा थोडं थोडं खोटं बोलते आणि तसं करण्याचं ओळखपत्र तिच्या गळ्यात असतं. ती मठाची आणि मठाला लागून असलेल्या चर्चची गाईड आहे. पहिली फेरी सकाळी दहाची, शेवटची साडेचारची. मनोऱ्यावरची घंटा तीन डोंगरांपलीकडे ऐकू जायची, असं ती सांगते. प्रत्यक्षात ती इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत जाते, तेही वारा तिकडे वाहत असेल तर. याबद्दल विचारलं की म्हणते, "लोक इतक्या लांबून चालत येतात. त्यांना इस्त्रीवाल्याचं काय सांगू?"

लोकांना चालावं लागतं हे मात्र खरं. गावाला चारी बाजूंनी तटबंदी आहे आणि वेस इतकी अरुंद, की बस बाहेरच थांबते. मग दगडी बोळ, बोळात लोहाराचं दुकान, आणि त्याच्या पुढे मावशीचं घर. घर म्हणजे तटाला टेकवलेल्या दोन खोल्या. मागची भिंत तटाचीच, चार हात जाड. तिच्यात खिळा ठोकायचा तर लोहाराला त्याचं सामान घेऊन यावं लागतं, म्हणून कॅलेंडर, घड्याळ आणि लग्नाचा फोटो समोरच्या एकाच भिंतीवर दाटीवाटीने राहतात. घरात तिघं. मावशी, तिच्या सासूबाई आणि काका. काका गेली वीस वर्षं या दोघींच्या बोलण्यात फक्त मान हलवतात, आणि कुणाच्या बाजूने हलवली ते कळू देत नाहीत.

पुढे जे सांगते आहे ते मावशीने मला सांगितलेलं आणि सासूबाईंनी दुरुस्त केलेलं आहे. जिथे दोघींचं जमलं नाही तिथे तसं म्हणेन.

मावशीच्या फेरीतली माझी आवडती जागा चर्चमधल्या लाकडी बाकांची. प्रार्थनेला मठातले लोक तासन्‌तास उभे राहायचे. बाकाची फळी वर उचलली, की तिच्या खालच्या अंगाला तळहाताएवढा एक कंगोरा दिसतो. त्याला पार्श्वभाग टेकवला की माणूस समोरून उभा दिसतो आणि असतो बसलेला. मावशी फळी उचलते, पाहुण्यांना एकेकाला टेकवून बघायला लावते. कुणीतरी विचारतंच, "पण देवाला दिसत नसेल का?"

"देवाला दिसायचं," मावशी म्हणते. "मठाधिपतींना दिसायचं नाही."

तिच्या फेरीतली ही एकच गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि तीच लोकांना थाप वाटते.

मठात पूर्वी चौतीस जण होते. आता एक. ते एकोणिसाव्या वर्षी आले तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून त्यांना धाकटे ब्रदर म्हणत. त्यांच्यानंतर कुणी आलंच नाही. वरचे एकेक करून गेले, हे सत्त्याऐंशीला टेकले, आणि अजून धाकटेच आहेत.

मावशी लग्न होऊन या गावात आली, पहिल्याच वर्षी मठात फरशी पुसायच्या कामाला लागली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती चर्च पुसत असताना धाकटे दारात उभे राहून तिच्याकडे बघत हात हलवू लागले. बोटं खाली, मग तळवा आडवा, मग एक गोल. मावशीला वाटलं, डास मारताहेत. तिनेही सभ्यपणे दोन डास मारले. धाकटे बाहेरच्या अंगणात गेले, पोटभर हसले आणि परत येऊन हळूच म्हणाले, "ओल आहे, फिरून जाऊ का, असं विचारत होतो. तुम्ही मला 'मीठ द्या, घोडा आला' असं सांगितलंत."

मठात चर्चमध्ये, जेवणघरात आणि झोपायच्या खोल्यांच्या बोळात बोलायची बंदी होती. अंगणाभोवतीच्या कमानींच्या पडवीत तेवढं दिवसातून एक तास बोलायचं. पण चौतीस माणसं एका टेबलावर जेवतात तेव्हा मीठ तर मागावं लागतंच. म्हणून हातांच्या खुणा. मधासाठी जिभेला बोट, मेणबत्तीसाठी बोटावर फुंकर, माशासाठी हलणारा तळवा. अशा तीनशेच्या आसपास. आजवर सात मठाधिपती झाले आणि प्रत्येकाच्या दोन खुणा होत्या, एक अधिकृत आणि एक खरी. धाकट्यांनी मावशीला आधी खऱ्या शिकवल्या. दोन वर्षांत ती फरशी पुसता पुसता त्यांच्याशी तासभर गप्पा मारू लागली, नियम न मोडता.

सहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. आधी डावा, मग काही महिन्यांनी उजवा. त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही. "मला मौनाची सवय होतीच," ते म्हणाले, "आता जगालाही लागली."

मनावर घेतलं ते मावशीने. कारण मुख्य मठाची कचेरी शहरात, आणि तिथून वर्षातून एकदा पाहणीला माणूस येतो. म्हातारा ब्रदर मठात एकटा राहत असेल तर त्याला प्रश्न विचारतात. नीट उत्तरं आली तर तो राहतो. नाही आली तर त्याची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. जागा वाईट नाही. स्वच्छ आहे, ऊन येतं. मावशी तिथे एकदा जाऊन आली होती, धाकट्यांच्या आधीचे जे शेवटचे होते, थोरले ब्रदर, त्यांना भेटायला. ते खिडकीशी पलंगावर पडून हात वर करून तीन बोटं हलवत होते. दारातली नर्स हसून त्यांना हात हलवून दाखवत होती. रोज असेच टाटा करतात, गोड आहेत, असं ती मावशीला म्हणाली. ते पाणी मागत होते.

त्यामुळे मावशीने ठरवून टाकलं. पाहणीला येणारे साहेब धाकट्यांसमोर बसायचे, मावशी साहेबांच्या पाठीमागे उभी राहायची. साहेब विचारतील ते ती हातांनी धाकट्यांना सांगायची आणि धाकटे खणखणीत आवाजात उत्तर द्यायचे. पाच वर्षं पाच कागदांवर 'श्रवण उत्तम' असं लिहून गेलं. एका वर्षी तर साहेबांनी कानांचं गुपित काय म्हणून विचारलं होतं. धाकटे म्हणाले, "शेजार चांगला हवा."

गेल्या वर्षी ते साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. मावशीने सकाळी अकराला जेवणघरात तालीम घेतली. लांब टेबल, भिंतीकडच्या बाजूला धाकटे, त्यांच्यासमोर साहेबांची खुर्ची, खुर्चीच्या मागे खिडकी, खिडकीत मावशी. सगळं बिनचूक झालं. साहेब बाराला यायचे होते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते चार वाजता आले.

नवे साहेब बारीक, शांत, चष्मा पुसत बोलणारे. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या जिथे असतात तिथे बहुधा कुणी बोलावलेलं नसतंच.

"वय किती?" साहेबांनी विचारलं.

मावशीचे हात हलले.

"शहाऐंशी," धाकटे म्हणाले. "मार्चमध्ये सत्त्याऐंशी."

साहेबांनी मान वर केली, समोर बघितलं, पुन्हा खाली बघून लिहिलं. "जेवणाचं काय?"

"सूनबाई आणतात. मीठ बेताचं."

सासूबाईंना खोकला आला. मावशीने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"डॉक्टर येतात का?"

इथे गडबड झाली. तीनशे खुणांत डॉक्टर नव्हता. मठात आजारी माणसाला माळीच काढा द्यायचा. मावशीला घाईत सुचलं ते तिने केलं. नाडी बघतात तसं एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. आणि धरल्यावर तिला आठवलं, की मठाच्या भाषेत ही घंटा ओढणाऱ्याची खूण, मनगटाला दोर गुंडाळतो म्हणून.

"रोज सात वेळा यायचा," धाकटे आठवणीने म्हणाले. "माणूस चांगला. पण वारला, त्याला वीस वर्षं झाली."

साहेबांचं पेन थांबलं. "डॉक्टर वारले? कशाने?"

सासूबाई पुन्हा खोकल्या, या वेळी तांब्या हिंदकळेपर्यंत. पण मावशीला हात थांबवता येईनात.

"दोर तुटला," धाकटे म्हणाले. "जुना झाला होता."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "इथे कधी एकटं वाटतं का?"

मावशीचे हात वर गेले आणि तिथेच राहिले. याला खूण नव्हती. तिने एक बोट उभं केलं, मोडलं, परत उभं केलं. धाकटे तिच्याकडे बघत होते, ओठावर उत्तर तयार ठेवून, फक्त प्रश्न यायचा होता.

"सावकाश होऊ द्या, बाई," साहेब म्हणाले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

त्यांनी पेनाने समोर दाखवलं. धाकट्यांच्या मागची चुन्याची भिंत पिवळ्या उन्हाने भरून गेली होती आणि त्या उन्हात मावशीच्या दोन्ही हातांच्या सावल्या सुपाएवढ्या होऊन लोंबकळत होत्या. सकाळी अकराला खिडकीत ऊन नसतं. चारला असतं.

"मी खोकत होते ते काय सर्दी झाली म्हणून?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"कधीपासून दिसतंय?" मावशीने विचारलं.

"पहिल्या प्रश्नापासून. बघायला छान वाटत होतं, म्हणून बोललो नाही." साहेबांनी जुने कागद चाळले. "पाच वर्षं श्रवण उत्तम लिहिलंय."

"ते साहेब सकाळी यायचे," मावशी म्हणाली.

धाकट्यांना यातलं काहीच कळत नव्हतं, कारण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. ते एकदा साहेबांकडे, एकदा मावशीकडे बघत राहिले. मग नेहमीच्याच खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "हरलो का आपण?"

मावशी म्हणते, त्या क्षणी तिला रडू आलं. सासूबाई म्हणतात, रडू नाही आलं, ती साहेबांना म्हणाली की घेऊन जायचं तर मलाही न्या, तिथे नर्सला पाण्याची खूण शिकवायला कुणीतरी लागेल. मला वाटतं दोन्ही झालं असावं. थोरल्यांची गोष्ट तिने साहेबांना तिथेच सांगितली, एवढं नक्की.

साहेबांनी ती पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "माझा प्रश्न राहिलाय. तो विचारा त्यांना."

"त्याला खूण नाही."

"तीनशेंत एकही नाही?"

"चौतीस माणसं होती साहेब. कधी लागलीच नसेल."

तरी तिने प्रयत्न केला. एक बोट उभं केलं, मग हाताने धाकटे बसले होते ते सगळं रिकामं बाक दाखवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धाकट्यांनी बाकाकडे बघितलं. "जागा भरपूर आहे," ते म्हणाले. "झोपायला खोल्या आहेत, ऋतूप्रमाणे बदलतो." मग थोडं थांबून, "सूनबाई सुट्टीवर असतात तो दिवस मात्र लांबतो."

साहेबांनी हातातला कागद उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम होते. ते चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले. "ऐकू आलं पाहिजे, असं यात कुठे नाही," ते शेवटी म्हणाले. "विचारलेलं पोचलं पाहिजे आणि उत्तर आलं पाहिजे, असं आहे. पोचतंय. उत्तरही येतंय, डॉक्टरांचं सोडलं तर. पण एका माणसाच्या भरवशावर मी सही करणार नाही. उद्या तुम्हीच आजारी पडलात, तर? दुसरं माणूस तयार करा. तीन महिन्यांनी येतो. तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं."

"आणि नाही झालं तर?"

"तर त्यांना न्यायला गाडी घेऊन येईन."

"गाडी वेशीतून आत येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग वेशीपर्यंत आणेन."

दुसरं माणूस शोधणं सोपं नव्हतं. काकांना शिकवून पाहिलं, पण त्यांचे हात खिशातून बाहेर येईनात. इस्त्रीवाला दोन दिवस आला, सगळ्या मठाधिपतींच्या खऱ्या खुणा शिकला आणि परत फिरकला नाही. लोहाराची बोटं वाकायची नाहीत. पंधरा दिवस असेच गेले. मग एके सकाळी सासूबाई चप्पल घालून उभ्या राहिल्या. "मी शिकते," त्या म्हणाल्या.

मावशी हसली. ज्या बाईने झोपेतसुद्धा पूर्ण वाक्यं बोलावीत तिने मौनाची भाषा शिकायची. सासूबाईंना ते हसणं लागलं. "तुझ्याकडून नाही शिकणार. ज्यांची भाषा त्यांच्याकडून शिकेन."

किती दिवस लागले यावर एकमत नाही. सासूबाईंच्या हिशोबाने तीन आठवडे, मावशीच्या हिशोबाने अडीच महिने आणि एक फुटलेली सुरई. पहिली अडचण ही होती, की हात हलवताना सासूबाईंचं तोंडही चालू असायचं. धाकटे म्हणाले, तोंड मिटा.

"तुम्हाला ऐकू येत नाही, मग तुम्हाला कसला त्रास?" सासूबाईंनी विचारलं.

पण हे त्यांना हातांनी सांगता येईना, आणि धाकटे नुसते बघत राहिले. उलट उत्तर द्यायचं होतं आणि देता येत नव्हतं, असं सासूबाईंच्या आयुष्यात प्रथमच झालं. घरी येऊन त्या मुकाट्याने जेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधी अर्धा तास मठात हजर होत्या. मध आणि मेणबत्ती त्यांनी बाजूला ठेवली आणि आधी शिकल्या 'कशाला', 'कुणी सांगितलं' आणि 'मला माहीत होतंच'. एवढं आल्यावर बाकीचं पटापट आलं. नव्हत्या त्या खुणा त्यांनी बनवल्या. कानांत दोन बोटं आणि छातीवर मूठ, म्हणजे डॉक्टर. मावशीला वीस वर्षांत हे सुचलं नव्हतं, हे त्यांनी घरी चार वेळा बोलून दाखवलं.

तीन महिन्यांनी साहेब आले, बरोबर चार वाजता. गाडी वेशीबाहेर उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर घडी केलेली एक चादर होती, ती साहेबांना घ्यायला गेलेल्या मावशीने बघून ठेवली. साहेबांनी जेवणघराचं दार लावून घेतलं. आत धाकटे, सासूबाई आणि ते. मावशी पडवीतल्या दगडी कट्ट्यावर बसली.

पाच मिनिटं झाली. आतून साहेबांचा आवाज यायचा, मग धाकट्यांचा, मग काहीच नाही. सासूबाईंचा आवाज एकदाही आला नाही. दहा मिनिटं झाली. साहेबांचाही आवाज थांबला. लग्नानंतर सासूबाई जवळपास असताना इतकी शांतता मावशीने कधी ऐकली नव्हती. पंधराव्या मिनिटाला तिचा धीर सुटला. म्हातारीला काहीतरी झालं, असं वाटून ती उठली, आणि दाराला हात लावणार तोच आतून तिघं एकदम हसले.

तिने दार ढकललं. सासूबाईंचे दोन्ही हात हवेत होते. साहेबांचेही होते, जरा अवघडल्यासारखे, एक बोट चुकीचं. तिला बघून तिघांनी हात टेबलाखाली घेतले.

"कशाला हसलात?" मावशीने विचारलं.

"पाहणी चालू आहे," साहेब म्हणाले. "बाहेर बसा."

तो कागद आता जेवणघराच्या दाराशी लावलेला आहे. 'दोन व्यक्ती उपलब्ध. वर्षभर हरकत नाही.' खाली सही. चादर जशीच्या तशी परत गेली.

या सुट्टीत मी गेले तेव्हा मावशीच्या साडेचारच्या फेरीत सामील झाले. बावीस पाहुणे होते. चर्च झालं, बाकं झाली, घंटा तीन डोंगरांपलीकडे गेली. जेवणघराशी आलो तर दार उघडं. लांब टेबलाच्या एका टोकाला धाकटे आणि सासूबाई समोरासमोर बसले होते. सासूबाईंनी दोन्ही हातांनी एक गोल केला, त्याच्यावर मूठ ठोकली, मग बोटाने आमच्या दिशेला, खरं म्हणजे नेमकं मावशीकडे, दाखवलं आणि कपाळाला हात लावला. धाकटे गंभीरपणे मान डोलवत होते.

मी मावशीकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. नंतर तिने मला सांगितलं, गोल म्हणजे पाव, मूठ म्हणजे दगड, आणि पुढचं तर तुला कळलंच असेल.

टोपीवाल्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "त्या काय करताहेत?"

"प्रार्थना," मावशी म्हणाली. "फार जुनी आहे. आता फक्त दोघांना येते."

टोप्या होत्या त्यांनी त्या काढल्या आणि बावीस जणांनी माना खाली घातल्या. मागच्या एका आजोबांनी डोळेही मिटले. सासूबाईंनी ते बघितलं, क्षणभर थबकल्या, आणि मग सावकाश, प्रत्येक खूण मोठी करत, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.